तडजोडीतलं गुपित कुणाचं?

(तालुका पातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



पत्रिकेवर माझा विषय 'ग्राहक तक्रारी आणि समझोता' असा छापलाय. तक्रार कशी लिहायची, किती प्रती काढायच्या, कुठे द्यायची हे सकाळच्या सत्रात वकीलताईंनी सांगितलंय. ते मी पुन्हा उगाळत नाही. मला बोलायचंय ते आपल्या केंद्राच्या दाराबद्दल. ते कधी लावून घ्यायचं आणि कधी उघडं ठेवायचं, याबद्दल.

आपल्यातल्या बहुतेकजणी या कामात आल्या त्या मारहाणीच्या, टाकलेल्या बायकांच्या, पोटगीच्या केसेसमधून. तिथे आपण पहिला धडा गिरवला तो गुप्ततेचा. बाई बोलायला लागली की दार लावायचं. रजिस्टर कुलपात ठेवायचं. घरी जाऊन नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही की आज अमक्या गल्लीतली अमकी आली होती. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या बरोबरीने महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. समाजकार्याच्या आमच्या अभ्यासक्रमात त्याबद्दल शिकवायचे तेव्हाही हाच नियम आधी घोकून घेतला होता: बाईचं बोलणं हे बाईचं आहे, आपल्याकडे ते ठेव म्हणून आहे.

आता आपल्या रजिस्टरात वेगळ्या नोंदी दिसायला लागल्यात. शिलाई मशीन आठ दिवसांत बंद पडलं आणि दुकानदार बदलून देत नाही. सराफाकडची योजना, अकरा हप्ते तुम्ही भरा, बारावा आम्ही घालतो. आणि बाराव्या महिन्यात दुकानाचं शटर बंद. ब्यूटीपार्लरचा कोर्स, नर्सिंगचा कोर्स. मोबाईलवरून मागवलेली साडी, जी चित्रात पैठणी होती आणि पुड्यात भलतीच निघाली. दवाखान्याने डिपॉझिट परत दिलं नाही. अशी बाई जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जात नाही. पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या किंवा सेवेच्या तक्रारीला तिथे फी नाही, २०१९ च्या कायद्याने ती आता स्वतः राहते त्या जिल्ह्यातच अर्ज करू शकते, हे सगळं खरं. पण एका तारखेला एक दिवसाची मजुरी जाते, एसटीचं भाडं जातं, आणि तारीख एकच पडत नाही. म्हणून ती आपल्याकडे येते. आपण दुकानदाराला चिठ्ठी पाठवतो, तो येतो, चहा होतो, तासाभरात काहीतरी ठरतं. कागदावर दोन सह्या. आणि सवयीने आपण हेही रजिस्टर त्याच कपाटात, त्याच कुलपात ठेवतो.

माझं म्हणणं आहे की या दोन रजिस्टरांना एकच कुलूप चालत नाही.

का, ते सांगते. घरातल्या हिंसेच्या केसमध्ये समोरचा माणूस एकाच बाईचा नवरा असतो. दुकानदार किंवा क्लासवाला शेकडो बायकांचा दुकानदार असतो. मार्क गॅलँटर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९७४ साली हे फार नेमकं मांडलं होतं: वादात काहीजण एकदाच येतात आणि काहीजण पुन्हापुन्हा येतात, आणि पुन्हापुन्हा येणाऱ्याचं पारडं जड राहतं. त्याला अनुभव असतो, कागद तयार असतो, आणि एका भांडणात थोडे पैसे सोडून पुढची दहा वाचवणं त्याला परवडतं. बाईला मात्र हेच एक भांडण असतं. आता यात गुप्ततेची अट घाला. बाईला काय मिळालं हे पुढच्या बाईला कळत नाही. क्लासवाल्याला मात्र मागच्या सगळ्या बायका काय घेऊन गेल्या हे पाठ असतं. खोली एकच, पण एकाला सगळं दिसतं आणि दुसरी आंधळी कोशिंबीर खेळते.

एक प्रकरण सांगते. नाव, गाव सांगणार नाही. का नाही ते पुढे कळेल. एका तालुक्याच्या ठिकाणी ब्यूटीपार्लरचा कोर्स चालायचा. फी अठरा हजार. पत्रकावर 'सरकारमान्य प्रमाणपत्र' आणि 'नोकरीची हमी' असं मोठ्या अक्षरात. पहिली मुलगी भांडली. आपल्याकडे नव्हे, तिथल्या एका पुढाऱ्याच्या कार्यालयात. तिला बारा हजार परत मिळाले आणि शंभराच्या स्टँपपेपरवर लिहून घेतलं की या व्यवहाराबद्दल मी कोणालाही काही सांगणार नाही, सांगितल्यास रक्कम परत करीन. दुसरी गेली, तिला आठ हजारांवर गप्प केलं. तिसरी आमच्या केंद्रात आली तेव्हा तिला पाच हजार देऊ केले होते आणि तिला ते बरे वाटत होते. 'काहीच न मिळण्यापेक्षा बरं ना ताई,' म्हणाली. मग कळलं की पहिली मुलगी हिच्याच चाळीत राहते. दोघी एकाच नळावर पाणी भरतात. हिने कोर्सला नाव घातलं तेव्हा ती पाहत होती आणि बोलली नाही, कारण बारा हजार परत द्यायची भीती. ते बारा हजार केव्हाच खर्च झाले होते, भावाच्या अ‍ॅडमिशनला.

त्या मुलीवर चिडून उपयोग नाही. तिची भीती खरी होती. पण तो स्टँपपेपर कोणाला वाचवत होता ते पाहा. त्यात तिच्या अब्रूचं, तिच्या खाजगी आयुष्याचं काहीही नव्हतं. त्यात होतं ते फक्त क्लासवाल्याचं पत्रक, त्याची फी आणि त्याचं खोटं. पत्रक तर त्याने स्वतःच भिंतीभिंतीवर चिकटवलं होतं. जे आधीच जगजाहीर आहे ते तडजोडीच्या खोलीत शिरलं म्हणून गुपित होत नाही.

तिसऱ्या मुलीच्या वेळी आम्ही पुढाऱ्याच्या कार्यालयात जायला नकार दिला. पत्रक, पावत्या, हजेरीचं कार्ड, सगळं जोडून क्लासला रीतसर नोटीस पाठवली, आणि या कोर्सबद्दल ज्यांची तक्रार आहे त्यांनी अमुक दिवशी केंद्रात यावं एवढीच सूचना फळ्यावर लिहिली. कोणाचं नाव नाही, एकही विशेषण नाही. नऊजणी आल्या. कायद्यात सोय आहे की एकसारखी तक्रार असलेल्या अनेकींच्या वतीने एक किंवा अधिक ग्राहक, आयोगाची परवानगी घेऊन, एकच तक्रार दाखल करू शकतात. त्या नऊजणींनी ते केलं. पहिली मुलगी त्यात नाही. तिला आम्ही यायला सांगितलंही नाही. तिचा कागद आणि तिचा निर्णय. केस चालू आहे.

आता उलट बाजू. कारण इथे काहीजणींच्या चेहऱ्यावर दिसतंय की मग सगळंच उघड करा, फळ्यावर लिहा, व्हॉट्सअपवर टाका. तसं मुळीच नाही.

आमच्याकडे एक मावशी आल्या होत्या, मिक्सरची तक्रार घेऊन. मिक्सर भिशीच्या पैशातून घेतलेला. भिशी नवऱ्याला माहीत नाही, आणि मिक्सर 'भावाने दिवाळीला दिला' असं घरी सांगितलेलं. आमच्या नव्या कार्यकर्तीने फॉर्मवर घरचा फोन नंबर लिहून घेतला होता, छापील फॉर्मवर तो रकानाच होता. कंपनीचा सर्व्हिसवाला त्याच नंबरावर फोन करणार, फोन नवरा उचलणार, आणि मिक्सरची तक्रार भलत्याच भांडणावर जाणार. मावशींनी स्वतःच विचारलं म्हणून थांबलं. तेव्हापासून आमच्या फॉर्मवर पहिला प्रश्न असा आहे: 'तुम्हाला कोणत्या नंबरावर, किती वाजता फोन केलेला चालेल? तो दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगायचं?' बाईच्या तक्रारीत वस्तूपेक्षा पैसाच मोठं गुपित असतो, हे ग्राहक चळवळीच्या पुस्तकांत मला कुठे सापडलं नाही. आपल्याला ते माहीत आहे, कारण आपण तांदळाच्या डब्यात पैसे ठेवणाऱ्या बायकांच्या मुली आहोत.

दुसरं एक. मूल होण्यासाठीच्या उपचारांचं पॅकेज घेतलेली बाई. पैसे भरले, अर्ध्यात उपचार थांबले, पैसे परत मिळेनात. तिची तक्रार पैशांची. पण पैशांचा हिशोब सांगायचा तर नवऱ्याचे रिपोर्ट समोर येतात, आणि घरात दोष तिच्यावर ढकललेला. दवाखान्याचा माणूस बोलणीच्या वेळी म्हणाला, 'बाई, फाईल काढली तर सगळंच निघेल.' ही धमकीच होती, नम्र आवाजातली. अशा वेळी दार लावायचं, फाईलची एकच प्रत ठेवायची, बैठकीला दोनच माणसं बसवायची, आणि समोरच्याकडूनही लिहून घ्यायचं की रुग्णाची माहिती बाहेर जाणार नाही. इथे गुप्ततेची अट बाई घालते आणि दवाखाना पाळतो. वरच्या गोष्टीत क्लासवाला घालत होता आणि मुलगी पाळत होती. तडजोडीच्या कागदावर 'गुप्त' हा शब्द दिसला की मी आधी हे बघते की तो कोणी लिहायला लावला.

कर्जाच्या वसुलीत तर याची थट्टाच होते. वसुलीचा माणूस गल्लीत उभा राहून बाईचं नाव घेऊन ओरडतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या सूक्ष्म कर्जाच्या निर्देशांत कर्जदाराचं नाव जाहीर करणं, नातेवाइकांना त्रास देणं, सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करणं, हे सगळं मनाई केलेल्या जाचक वसुलीत धरलंय. आणि तीच संस्था चुकीचं व्याज परत करायची वेळ आली की म्हणते, हे आपल्यातच राहू द्या.

आता कायदा याबद्दल काय म्हणतो ते थोडक्यात.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आयोगाच्या जोडीला मध्यस्थी आणली. तो २०२० च्या जुलैत अमलात आला. दोन्ही बाजूंची लेखी संमती असेल तरच प्रकरण मध्यस्थाकडे जातं. मध्यस्थाचा निकालात काही पैशाचा किंवा नात्यागोत्याचा संबंध असेल तर तो त्याने स्वतः उघड करायचा आहे. समझोता लेखी, सह्यांसह, आणि अहवाल मिळाल्यावर सात दिवसांत आयोग त्यावर आदेश देतो. जिल्हा आयोगाच्या अशा आदेशावर अपील नाही, म्हणून सहीच्या आधी बाईला कागद वाचून दाखवा, मराठीत, दोनदा. सगळ्यात महत्त्वाचं २०२० च्या मध्यस्थी नियमांत आहे. काही प्रकरणं मध्यस्थीला पाठवायचीच नाहीत असं तिथे लिहिलंय: वैद्यकीय निष्काळजीपणाने मृत्यू किंवा गंभीर इजा झाली असेल तर, फसवणूक, बनावट कागद, तोतयेगिरी, जबरदस्तीचे गंभीर आरोप असतील तर, आणि प्रकरणात पक्षकार नसलेल्या अनेक लोकांच्या हिताचा प्रश्न असेल तर. ही शेवटची ओळ आपल्या केंद्रात भिंतीवर लावावी अशी आहे. सरकारी मध्यस्थाला जे बंद दाराआड मिटवायची परवानगी नाही, ते आपण चहावर कशाला मिटवायचं?

२०२३ साली संसदेने स्वतंत्र मध्यस्थी कायदाही केला. त्यात गुप्ततेचं कलम आहे, आणि ते वाचण्यासारखं आहे. मध्यस्थीत दिलेली कबुली, मागितलेली माफी, सुचवलेले आकडे, केवळ मध्यस्थीसाठी तयार केलेले कागद, हे गुप्त. ध्वनिमुद्रण करायचं नाही. हे मला पटतं. माणूस मोकळेपणी 'चुकलं' म्हणू शकला पाहिजे, ते त्याच्यावर उलटणार नाही याची खात्री हवी. पण यादी नीट पाहा. बोलणी गुप्त आहेत. दुकानाचं बिल, जाहिरात, वॉरंटी कार्ड त्या यादीत नाही, ते तर भांडणाच्या आधीपासून आहे. आणि अपवादही घातलेत: गुन्हा करण्याची धमकी, घरगुती हिंसा आणि बालकांवरचे अत्याचार यांची माहिती, लोकांच्या आरोग्याला किंवा सुरक्षिततेला तातडीचा मोठा धोका दाखवणारं बोलणं, यांना गुप्ततेचं पांघरूण नाही. गॅसची शेगडी भडकते, हे तडजोडीत कळलं तर गप्प बसायचं नाही.

आपलं केंद्र यातल्या कुठल्याच यादीवर नाही. आपल्याला कोणी नेमलेलं नाही, म्हणून आपल्यावर तपासणी नाही. हेच मला जास्त काळजीचं वाटतं. पारदर्शकता दुकानदाराकडून मागायची, तर आधी आपली. बैठकीला कोण बसतं, का बसतं? समितीतल्या कोणाचा दीर त्या दुकानाचा भागीदार आहे का? आणि हे बोलायला जरा अवघड आहे, पण बोलते: आपली स्मरणिका निघते तेव्हा मागच्या पानांवर जाहिराती कोणाच्या असतात? ज्या दुकानदाराने अर्ध्या पानाची जाहिरात दिली, त्याच्याविरुद्धची तक्रार घेऊन बाई आली तर ते पान तिच्यासमोर ठेवायची आपली तयारी आहे का? नसेल तर जाहिरात घेऊ नये. महाराष्ट्रात महारेराने २०१८ साली घरांच्या तक्रारींसाठी सलोखा मंच सुरू केला, त्यात प्रत्येक पीठावर ग्राहक संघटनेचा एक आणि बिल्डरांच्या संघटनेचा एक प्रतिनिधी असतो. त्या मंचाबद्दल मतं वेगवेगळी असतील, पण कोण कोणाच्या बाजूचं ते तिथे झाकलेलं नाही. आमच्या गावातल्या 'सर्वांचे हितचिंतक' मध्यस्थांपेक्षा मला ते बरं वाटतं.

आणखी एक सांगायचं राहू नये म्हणून इथेच सांगते. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, कारण घडलं त्या दिवसापासून. आपल्याकडची बोलणी चालू आहेत म्हणून ती थांबत नाही. 'ताई, पुढच्या सोमवारी नक्की' असं म्हणत म्हणत दीड वर्ष काढणारे दुकानदार आहेत. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाईनवर नोंदवलेली तक्रार कंपनीकडे जाते, अनेकदा कामही होतं, पण ती आयोगातली केस नव्हे. बाईला पहिल्याच दिवशी हे सांगायचं, आणि तारीख तिच्या कागदावर लाल शाईने लिहून द्यायची. हे लपवून तिला बोलण्यांत गुंतवणं, मग ते कितीही प्रेमाने असो, मी पारदर्शक म्हणणार नाही.

मग रजिस्टराचं काय करायचं? आम्ही दोन केलीत. एकात नाव, पत्ता, नंबर, ते कुलपात. दुसऱ्यात फक्त कोणत्या प्रकारचा माल किंवा सेवा, कोणतं दुकान, काय तक्रार, काय ठरलं, किती दिवसांत, ठरलेलं पाळलं का. या दुसऱ्यात बाईचं नाव नाही, गल्ली नाही, जातही नाही. ते टेबलावर असतं, कोणीही बाई येऊन चाळू शकते. दुकानाचं नाव त्यात लिहावं की नाही यावर आमच्यात तीन बैठका भांडणं झाली. काहींचं म्हणणं, नाव लिहिलं तर दुकानदार चिठ्ठीला मान देऊन येणारच नाही, आणि नुकसान बाईचंच होईल. हे खोटं नाही. दोघे-तिघे यायचे थांबले. त्यातल्या एका बाईचे पैसे अजून अडकलेत. शेवटी ठरलं ते असं की एकाच तऱ्हेच्या तीन तक्रारी येईपर्यंत दुकानाला आकडा द्यायचा, तिसरीनंतर त्याला लेखी कळवायचं, बाजू मांडायला पंधरा दिवस द्यायचे, आणि मग नाव, त्याच्या उत्तरासकट. 'लुटारू', 'फसवा' असे शब्द नाहीत. तीन तक्रारी आल्या, एक मिटली, दोन मिटल्या नाहीत, एवढंच. बदनामीचा दावा कोणी केला तर आपल्या हातात पावत्या असाव्यात, विशेषणं नव्हेत. मला स्वतःला तीनचा आकडाही जास्त वाटतो, पण बहुमत माझ्या विरुद्ध गेलं.

आणि अनेकींचं नुकसान करणारी गोष्ट असेल तर ती रजिस्टरातच का राहावी? २०१९ च्या कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण नेमलंय ते अशाच, समूह म्हणून ग्राहकांच्या हक्कांसाठी. तशी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. आपली टेबलावरची वही त्याला जोडता येते, बाईचं नाव न देता.

१९६६ साली मुंबईत कन्झ्युमर गायडन्स सोसायटी काढणाऱ्या नऊ बायका, १९७२ पासून महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर लाटणी घेऊन निघालेल्या बायका, १९७५ ची मुंबई ग्राहक पंचायत, ही आपली मागची पिढी. त्यांनी भाव, वजन, भेसळ चव्हाट्यावर आणली. १९८६ च्या कायद्यात जिल्हा मंचावर एक सदस्य बाई असलीच पाहिजे असं लिहिलं गेलं. आपल्या पिढीला घराच्या आतलं बोलणं जपण्याचं काम जास्त करावं लागलं. आता दोन्ही एकाच टेबलावर आलंय, एकाच बाईच्या एकाच पिशवीत.

चहानंतर गटात बसू. तुमच्या केंद्रातले तीन तीन जुने समझोत्याचे कागद आणायला सांगितले होते, नावांवर पट्टी चिकटवून. प्रत्येक कागदावरचं गप्प राहण्याचं वाक्य शोधा आणि त्याच्या खाली पेन्सिलने लिहा, ते कोणाच्या सांगण्यावरून आलं. सापडलं नाही तर प्रश्नचिन्ह करा. ज्यांनी कागद आणले नाहीत त्यांच्यासाठी माझ्याकडे आमच्या केंद्रातले आहेत.